नरसय्यांचा गोरिला

सोलापुरात मला अजून काही लोक ‘माकडवाला मॅनेजर’ म्हणतात. उभं आयुष्य मी सहली नेल्या. काश्मीर, नेपाळ, कन्याकुमारी, चारधाम, सगळं झालं. बद्रीनाथच्या वाटेवर दरड कोसळली तेव्हा अख्खी बस सुखरूप परत आणली, पण त्याचं कुणाला काही नाही. एकदा आफ्रिकेत गोरिला दाखवायला गेलो, तेवढंच लोकांनी धरून ठेवलं. गोरिला म्हणजे माकड नव्हे, त्याला शेपूट नसतं, तो या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत नाही, हे मी इतक्यांना समजावलं की आता कंटाळा येतो. हल्ली मी नुसता हसतो आणि चहा सांगतो.

सहलीचा मॅनेजर काय करतो, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. प्रेक्षणीय स्थळ दाखवणारा गाइड वेगळा. मॅनेजर ठिकाण सांभाळत नाही, माणसं सांभाळतो. कोण कुणाशेजारी बसलं तर तंटा होईल, कुणाला खिडकी लागते, कोण घोरतो, कुणाला सकाळी गरम पाण्यावाचून मोकळं होत नाही, हे सगळं पहिल्या दिवशी हेरावं लागतं. माणूस परमुलखात गेला की त्याला देव नंतर आठवतो, आधी जेवण आठवतं. म्हणून माझ्याबरोबर कायम कडक भाकरीचा पत्र्याचा डबा आणि शेंगाची चटणी असे. ज्वारीची ती पापडासारखी भाकरी महिना महिना टिकते. ती चटणीबरोबर हातात दिली की रुसलेलं गिऱ्हाईक निम्मं तरी ताळ्यावर येतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या मालकांचं नव्या पेठेत सहलींचं छोटं ऑफिस होतं. मगनभाई नावाचे एक गुजराती व्यापारी दरवर्षी सोलापुरी चादरी घ्यायला यायचे आणि त्या थेट रवांडात नेऊन विकायचे. रवांडा म्हणजे आफ्रिकेतला एक चिमुकला देश, नुसत्या टेकड्याच टेकड्या. तिथल्या उंच डोंगरांवर थंडी असते, त्यामुळं आपल्या चादरीला तिथं मान होता. या मगनभाईंनी एकदा मालकांना सांगितलं की आमच्या गावावरच्या जंगलात गोरिले आहेत आणि आता माणसांना ते जवळून दाखवायला लागलेत. मालकांच्या डोक्यात किडा वळवळला. परकीय चलनाच्या कटकटीतून मगनभाईंच्या ओळखीनं वाट निघाली आणि ‘आफ्रिका वन्यप्राणी सहल’ अशी पाटी ऑफिसबाहेर लागली. मी मालकांना म्हटलं, देवळाची खात्री देता येते, देऊळ कुठं जात नाही. जनावराची खात्री कोण देणार? मालक म्हणाले, तू देऊ नकोस, मी देतो. ते स्वतः काही येणार नव्हते.

जेमतेम आठ माणसं जमली. त्यांत कापडाचे व्यापारी चनबसप्पा होते. रंग जाणार नाही याची हमी देऊन कापड विकणारा हा माणूस, त्यामुळं त्यांना प्रत्येक गोष्टीची गॅरंटी लागे. पहिले दोन दिवस आम्ही सपाटीवरच्या अभयारण्यात होतो. तिथं झेब्रे दिसले, हरणं दिसली, पाणघोडे दिसले. सिंह काही दिसला नाही. चनबसप्पा माझ्यावर असे रागावले की जणू सिंह मीच खोलीत कोंडून ठेवला होता. पाणघोड्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘हे तर आमच्या अक्कलकोट रोडला डबक्यात बसलेलं असतंय. ह्येच्यासाठी विमानात बसलो का मी?’ मी कडक भाकरीचा डबा उघडला.

दुसरे माळशिरसचे जगन्नाथतात्या. ऊसवाले. त्यांना प्राण्यांत फारसा रस नव्हता. त्यांचा डोळा शेतांवर. रवांडात टेकडीच्या पार माथ्यापर्यंत शेती करतात, उभ्या भिंतीवर केल्यासारखी. तात्या बस थांबवायला लावून मातीचं ढेकूळ फोडून वास घ्यायचे. वाटेत भेटेल त्याला, दुभाषा म्हणून आमच्याबरोबर असलेल्या मगनभाईंमार्फत, एकच विचारायचे, ‘हितं ऊस हुईल का?’ असल्या गिऱ्हाइकावर माझा जीव असतो. ते कुठंही न्या, स्वतःचं बघायचं स्वतः शोधतं.

आणि तिसरं गिऱ्हाईक म्हणजे नरसय्या आणि त्यांची बायको लक्ष्मव्वा. सोलापूरच्या पूर्वभागातलं, म्हणजे विणकरांच्या वस्तीतलं, तेलुगू कुटुंब. नरसय्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे जिथं शेकडो माग एकाच वेळी धडधडतात तिथं, जन्मभर कापड विणून निवृत्त झालेले. लक्ष्मव्वाही त्याच गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या. हातात आलेल्या फंडातून माणूस घर बांधतो, नाहीतर तिरुपतीला जाऊन येतो. लक्ष्मव्वांची इच्छा तिरुपतीचीच होती. नरसय्यांनी गोरिला काढला.

पहिले दोन दिवस माझी समजूत झाली की या नवरा-बायकोचं बिनसलंय. एकमेकांशी अवाक्षर नाही. बसमध्ये ते पुढं, बाई मागं. मी मनात म्हटलं, तिरुपती अजून गिळला गेला नाही. मध्यस्थी करावी म्हणून लक्ष्मव्वांच्या शेजारी जाऊन बसलो, तर त्यांचे हात चालू होते. बोटं मिटायची, उघडायची, तळहात फिरायचा, ओठ नुसते हलायचे. पुढं नरसय्या मान मागं वळवून बसलेले आणि त्यांचेही हात चालू. दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं आणि बसमध्ये कुणाला पत्ता नव्हता.

मग त्यांनी मला सांगितलं. मागांच्या धडधडाटात शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून गिरणीतली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. खात्याच्या या टोकावरून त्या टोकाला घरची भाजी ठरते, लग्नं जुळतात, सासूची निंदा होते. लक्ष्मव्वा जेवणाच्या सुट्टीत साचेखात्याच्या दारात उभ्या राहायच्या आणि नरसय्या मागावरून बोलायचे. दोन बोटं जोडून झटकन फाकवली की धागा तुटला, थांबव. तळहात आडवा धरून मागातल्या धोट्यासारखा इकडून तिकडं नेला की सगळं ठीक आहे, चालू दे. खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, बघत असेल तर हात छातीशी ठेवून नुसत्या बोटांनी बोलायचं. निम्मा संसार असा झाला, लक्ष्मव्वा म्हणाल्या, त्यामुळं आता घरात तोंडानं बोलायचं म्हटलं तर सुचतच नाही.

मी नरसय्यांना विचारलं, ‘अण्णा, पण गोरिलाच का?’

ते जरा लाजले. मग हळूहळू बाहेर आलं. त्यांच्या मंडळाच्या गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत वीसेक वर्षं ते गोरिलाचं सोंग काढत होते. मागावर उरणारी सुताची टोकं काळ्या रंगात बुडवून, गोणपाटावर ओवून त्यांनी अंगरखा केला होता. मुखवटा कागदाच्या लगद्याचा. लेझमाच्या पुढं गोरिला नाचायचा, छाती बडवायचा, डरकाळ्या फोडत बायकांच्या घोळक्यावर धावून जायचा. पूर्वभागात त्याला मोठी मागणी होती. मला एकदम आठवलं; मी स्वतः तो पाहिला होता आणि माझी थोरली त्याला भिऊन माझ्या पायाला बिलगली होती.

‘समदं एका कॅलेंडरावरनं केलं बगा,’ नरसय्या म्हणाले. ‘चित्रात त्यो उभा हाय. चालतो कसा, ते चित्रात कुटं हाय? येवडी वर्सं मी लोकास्नी दाकवलं. खरं दाकवलं का खोटं, ते एकदा बगायचं हाय. बास.’

आणि बोलता बोलता त्यांना खोकला आला. गिरणीचा खोकला. कापसाची धूळ छातीत बसते आणि मग माणूस कुठंही गेला तरी ती बरोबर जाते. तो खोकला ऐकून मला तेव्हा काहीच वाटलं नाही. सोलापुरात तो घरोघर होता.

डोंगराच्या पायथ्याशी एमानुएल नावाचा वाटाड्या आम्हाला भेटला. उंच, शांत, कमी हसणारा गृहस्थ. तो स्वाहिलीत बोलायचा, मगनभाई त्याचं हिंदी करायचे आणि मी मराठी. एमानुएल बराच वेळ, हात जोडून, झाडाकडं दाखवून काहीतरी गंभीर सांगायचा आणि मगनभाई म्हणायचे, ‘बोलता है, चुप रहो.’ मी मात्र खोदून खोदून सगळं काढून घेतलं. गोरिलाच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही. तो अंगावर आला तर पळायचं नाही, खाली बसायचं, मान खाली घालायची. बोलायचं नाही. आणि ज्याला सर्दी-खोकला असेल त्यानं यायचं नाही. माणसाचा रोग गोरिलाला लागतो आणि आपल्याला जे दोन दिवस अंथरुणात पाडतं, त्यानं तो मरतो.

हे मी मराठीत सांगत असतानाच नरसय्या खोकले.

एमानुएलनं त्यांच्याकडं पाहिलं. मी पुढं झालो. हा साधा खोकला नाही, कापसाचा आहे, कुणाला लागत नाही, मी त्यांच्या डॉक्टरांना ओळखतो, असं सगळं मी तावातावानं सांगितलं. मगनभाईंनीही आपल्या परीनं तिखटमीठ लावलं. एमानुएल ऐकून घेत होता. शेवटी तो म्हणाला, तुम्ही खरं सांगत असाल. पण छातीच्या आतलं मला दिसत नाही, आणि वर एक मादी आहे, तिचं पिल्लू अजून अंगाला चिकटलेलं आहे.

माझा संताप झाला, हे कबूल करतो. एवढ्या लांब आलेला माणूस, त्याची उभ्या आयुष्यातली एकच हौस, आणि ती दोन तासांच्या चढणीवर अडणार. मी आवाज चढवला. नरसय्यांनी माझ्या दंडाला धरलं.

‘ऱ्हाऊ द्या, म्यानेजर. बरोबर बोलतोय त्यो. त्येंच्यात डाक्टर न्हाय. आपल्यात असून माज्या छातीचं काय झालं, ते मी बगतोयच की.’

मग त्यांनी एवढंच विचारलं की किती जवळ येऊ शकतो. एमानुएलनं विचार केला आणि म्हणाला, घळीपर्यंत. तिथून पुढं नाही. आणि तोंडावर फडकं. लक्ष्मव्वांनी जागेवरच सांगून टाकलं की आपण जाणार नाही, नवऱ्याजवळ थांबणार. नरसय्यांनी हातांनी काहीतरी सांगितलं. बाईंनी हातांनी उलट सांगितलं. पुन्हा नरसय्यांनी. काय ठरलं ते आम्हाला कळलं नाही, पण लक्ष्मव्वांनी पदर खोचला, लुगडं वर घेतलं आणि एमानुएलच्या मागं चालायला लागल्या.

चढण भयंकर होती. बांबूचं दाट रान, पायाखाली चिखल, आणि हाताला लागली की आग होणारी खाजरी पानं. चनबसप्पा प्रत्येक वळणावर शंकराचं नाव घेत होते. तात्या पहिल्यांदाच शेतीबद्दल काही बोलले नाहीत. घळ आली तेव्हा नरसय्यांना एका सपाट दगडाशी बसवलं आणि त्यांच्याजवळ आमचा एक ओझेवाला ठेवला. आम्ही उतरून, पलीकडं चढून, उताराच्या कडेशी गेलो. एमानुएलनं हात खाली दाबला. आम्ही बसलो.

आणि समोर, बांबू मोडून केलेल्या मोकळ्या जागेत, ते होते.

मला त्याचं वर्णन नीट करता येणार नाही, त्याचं कारण पुढं येईलच. नर होता, पाठीवर चंदेरी केस, एखाद्या भरलेल्या बैलगाडीएवढा. दोन माद्या पाला सोलून खात होत्या. पोटाशी पिल्लू. तात्यांनी माझा हात गच्च धरला होता. प्रत्येक गोष्टीची गॅरंटी मागणाऱ्या चनबसप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

मी मागं वळून पाहिलं. घळीच्या पलीकडं नरसय्या उभे होते, तोंडाला उपरणं बांधून. त्यांना आम्ही दिसत होतो. गोरिले दिसत नव्हते. मधे उताराचा फुगवटा होता. तेवढ्या अंतरावर तो माणूस आमच्या पाठी बघत उभा होता, आणि मला इतकं वाईट वाटलं की त्या क्षणी गोरिला नसता दिसला तरी चाललं असतं.

लक्ष्मव्वा माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या हळूच अशा फिरल्या की एका डोळ्याला गोरिला आणि दुसऱ्याला नवरा दिसावा. आणि त्यांनी हात उचलले.

एमानुएल त्यांना थांबवायला हात उचलून झटकन पुढं सरकला. नरानं मान वर करून लक्ष्मव्वांकडं पाहिलं. लक्ष्मव्वांनी डोळे खाली घातले, हात छातीशी आणले, पदराच्या आडोशाला, आणि नुसत्या बोटांनी बोलायला लागल्या. जॉबर बघत असताना बोलायची त्यांची रीत. नरानं थोडा वेळ पाहिलं आणि पुन्हा पाला ओढला. एमानुएलचा उचललेला हात तसाच राहिला, मग त्यानं तो हळूहळू गुडघ्यावर ठेवला.

मला ती भाषा येत नव्हती. पण काही गोष्टी न शिकता कळतात. त्यांनी स्वतःच्या पाठीकडं बोट केलं आणि मग आपल्या पांढऱ्या केसांना हात लावला. पोटाशी पिल्लू दाखवलं. जांभई दाखवली, कारण नरानं खरंच जांभई दिली होती. पलीकडून नरसय्यांनी दोन्ही मुठी छातीवर ठेवून मान हलवली: छाती बडवतो का? लक्ष्मव्वांनी नाही म्हणून सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मग नर उठला आणि चार पावलं चालला, आणि लक्ष्मव्वांची बोटं थांबली. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी मुठी वळल्या, बोटांचे सांधे मांडीवर टेकवले आणि खांद्यातून सावकाश एक-एक पुढं टाकून दाखवले.

पलीकडं नरसय्या चिखलात ओणवे झाले. तळहात टेकून दोन पावलं गेले आणि वर पाहिलं. लक्ष्मव्वांनी दोन बोटं फाकवली. धागा तुटला, थांब. तळवा नको, सांधे. नरसय्या मुठी वळून पुन्हा चालले. घाई नको. पुन्हा. खांदा सोड. पुन्हा. ओझेवाला बाजूला उभा राहून एका म्हाताऱ्या माणसाला चिखलात रांगताना बघत होता. शेवटी नरसय्या सावकाश, जड, कुणाचं भय नसल्यासारखे चालत त्या दगडापर्यंत गेले आणि बसले. लक्ष्मव्वांनी तळहात आडवा धरला आणि छातीशी इकडून तिकडं नेला. चालू दे.

एमानुएलनं माझ्याकडं पाहिलं. कमी हसणाऱ्या त्या माणसाच्या दातांची पूर्ण रांग मला दिसली. आमच्या वाट्याचा वेळ संपला होता, आणि मी त्यातला बहुतेक वेळ गोरिलाकडं पाठ करून बसलो होतो. त्याची हळहळ मला कधी वाटली नाही.

परतीच्या वाटेवर सगळे नरसय्यांना सांगायला धावले. कुणी उंची सांगितली, कुणी दात. त्यांनी सगळ्यांचं मान डोलावून ऐकून घेतलं. विमानात लक्ष्मव्वांनी मला विचारलं की पुढची तिरुपतीची सहल कधी आहे. पुढं मी त्या दोघांना तिरुपतीलाही नेलं.

ती सहल आम्ही पुन्हा काढली नाही. मालकांना ते गणित झेपलं नाही. मगनभाई पुढं काही वर्षं चादरी न्यायला येत राहिले आणि येताना एमानुएलचा नमस्कार आणायचे.

पण मला सांगायचं आहे ते त्याच वर्षीच्या गणपतीचं. विसर्जनाच्या दिवशी मी मुद्दाम पूर्वभागात गेलो. मिरवणूक आली, लेझीम आलं, आणि लोकांनी ‘गोरिला, गोरिला’ म्हणून रस्ता मोकळा केला. सुताचा तोच काळा अंगरखा, तोच मुखवटा. पण हा गोरिला नाचत आला नाही. तो मुठी टेकून, एक-एक खांदा सोडत, सावकाश आला. कुणाच्या अंगावर धावला नाही. चौकाच्या मधोमध बसला, कुणीतरी टाकलेला केळीचा खुंट ओढून घेतला आणि शांतपणे त्याचे पापुद्रे सोलत राहिला. मुखवट्याआड त्याला खोकला आला. तो आवरेपर्यंत थांबला आणि पुन्हा सोलू लागला.

लोक वाट बघत होते. छाती बडव म्हणून कुणी ओरडलं. कुणी शिट्टी मारली. माझ्या शेजारचा चादर कारखान्यातला माणूस म्हणाला, ‘नरसय्याचं वय झालं की आता. काय मजा न्हाय ऱ्हायली.’ लेझीमवालेही चुळबुळ करायला लागले.

गोरिलानं मान वर केली. मुखवट्याची भोकं गर्दीवरून फिरत गेली आणि समोरच्या घराच्या पायरीवर थांबली. तिथं बायकांच्या घोळक्यात लक्ष्मव्वा बसल्या होत्या. एवढ्या ढोलताशांत काही बोलून ऐकू जाणार नव्हतं. त्यांनी पदराच्या आडोशाला तळहात आडवा धरला आणि छातीशी हळूच इकडून तिकडं नेला.

गोरिला उठला आणि त्याच चालीनं पुढं निघाला.